मात्रेच्या जराशी मागे

बिली हॉलिडे या अमेरिकी जॅझ गायिकेचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो तिच्या आयुष्याच्या अगदी टोकाचा. मुंबईत शिकायला होते तेव्हा वसतिगृहातल्या एका मैत्रिणीकडे कॅसेट होती, कुणाकडून तरी भरून घेतलेली. ‘लेडी इन सॅटिन’, १९५८ सालचं ध्वनिमुद्रण. मागे व्हायोलिनांचा दाट पडदा आणि त्याच्यापुढे एक खरखरीत, दमलेला, जागोजागी चिरलेला आवाज. मैत्रिणीने आधी गोष्ट सांगितली आणि मग गाणं लावलं. फिलाडेल्फियात १९१५ साली जन्म, बाल्टिमोरमधलं ओढगस्तीचं बालपण, मादक द्रव्यं, तुरुंग आणि १७ जुलै १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या इस्पितळात मृत्यू. वय अवघं ४४. त्या रात्री मी गाणं ऐकलंच नाही. तासभर ती गोष्टच ऐकत राहिले आणि डोळे पुसत झोपले.

पुढे कितीतरी वर्षं बिली माझ्यासाठी तशीच राहिली. मन फारच खाली गेलं की तिला लावायचं, एरवी नाही. एखाद्या गायिकेशी असं नातं जोडणं हा तिच्यावर अन्याय आहे, हे तेव्हा कळत नव्हतं.

कळलं ते न्यू जर्सीच्या मामेबहिणीमुळे. कोलंबिया कंपनीने २००१ साली बिलीच्या १९३३ ते १९४४ या काळातल्या ध्वनिमुद्रणांचा दहा सीडींचा संच काढला होता. ताई भारतात आली तेव्हा तो माझ्यासाठी घेऊन आली. ‘तुला आवडते ना ती,’ एवढंच म्हणाली. मी पहिली सीडी लावली. बाहेर उजेड होता, दुपारचे चार वाजले असतील. पहिली एक-दोन गाणी कानावरून गेली आणि मग २ जुलै १९३५ ची ती ध्वनिमुद्रणं सुरू झाली.

‘व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू’. बेनी गुडमनचं क्लॅरिनेट सुसाट सुटतं. मागे कोझी कोलचे ड्रम्स, जॉन कर्बीचा बास, टेडी विल्सनच्या पियानोवरचे ते मोत्यांसारखे सुटे सुटे स्वर. सगळे धावताहेत. आता गाणारीही धावत येणार असं वाटतं, आणि तेवढ्यात ती येते ती चक्क रेंगाळत. पहिल्याच उद्गाराचा स्वर ती लांबवते, त्या धावपळीवर एखादी ओढणी अलगद पसरावी तसा. बँड तिच्याखालून पळतो आहे आणि तिला कसलीही घाई नाही. आवाज कोवळा आहे, किंचित नाकातला, कडेला थोडा खरबरीत, आणि त्यात हसू आहे. ते ऐकू येतं. गाणाऱ्याच्या ओठांवर हसू असलं की स्वराचा आकार बदलतो, हे गाणं शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

वीस वर्षांची मुलगी होती ती. टेडी विल्सन बावीसचा. त्या बैठकीत रॉय एल्ड्रिज ट्रंपेटवर आणि बेन वेबस्टर टेनर सॅक्सोफोनवर होते. आज जॅझच्या इतिहासात ज्यांची नावं मोठ्या अक्षरांत छापतात, ती सगळी तेव्हा विशी-पंचविशीतली पोरं होती.

मी ते गाणं पुन्हा लावलं. मग पुन्हा. ही बाई मला माहीतच नव्हती.

त्या वेळी हे ध्वनिमुद्रण का होत होतं, हेही सांगितलं पाहिजे, कारण त्याचा गाण्याच्या घडणीशी सरळ संबंध आहे. अमेरिकेत महामंदीने रेकॉर्डचा धंदा जवळजवळ बसवला होता. डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी उठली, गुत्ते आणि बार पुन्हा उघडले आणि त्यांतून ज्यूकबॉक्स आले. पाच सेंटचं नाणं टाकायचं आणि गाणं ऐकायचं. या पेट्यांना सतत नवा माल लागे. काळ्या वस्त्यांमधल्या पेट्यांसाठी स्वस्तात, झटपट तबकड्या काढायच्या म्हणून ब्रन्सविक कंपनीने टेडी विल्सनला काम दिलं. चालू हंगामातली नवी गाणी घ्यायची, शहरात त्या दिवशी मोकळे असलेले उत्तम वादक गोळा करायचे, एका बैठकीत चार गाणी संपवायची. बिलीला मिळे ती ठरावीक बिदागी. तबकडी कितीही खपली तरी रॉयल्टी नाही. तबकडीवर नाव विल्सनच्या वाद्यवृंदाचं, तिचं नाव खाली बारीक अक्षरात.

गाणी कुठली मिळत? काही अस्सल सोनं होती. जेरोम कर्नचं ‘द वे यू लुक टुनाइट’ त्याच वर्षी चित्रपटात आलेलं, ते तिने ऑक्टोबर १९३६ मध्ये गायलं. गर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेराला अजून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, जुलै १९३६ मध्ये, तिने त्यातलं ‘समरटाइम’ गायलं. सुरुवातीला बनी बेरिगनचं ट्रंपेट गुरगुरतं आणि अंगाई असलेलं ते गाणं एकदम गल्लीत उतरतं. आज ‘समरटाइम’ जगात हजारोंनी गायलं आहे. तिने गायलं तेव्हा त्याला परंपरा नव्हती, तिला कुणाचं बघून गायचं नव्हतं. ज्यांना आपण जॅझची अभिजात गाणी म्हणतो, ती तेव्हा नुसती या महिन्यातली नवी गाणी होती, हे लक्षात घेतलं की या तबकड्या फार वेगळ्या ऐकू येतात.

पण पुष्कळशी गाणी अगदीच सुमार होती. चांदणं, होडी, चुंबन, विरह, परत चांदणं. चार दिवस चालून विसरली जावीत म्हणूनच लिहिलेली. तिच्या वाट्याला ही उरलीसुरली गाणी जास्त येत. तिचं खरं काम मला तिथे दिसतं.

माझा थोरला भाऊ तबला वाजवतो. व्यवसाय म्हणून नाही, पण वयाच्या आठव्या वर्षापासून हात सुटलेला नाही. जॅझ त्याने फारसं ऐकलेलं नव्हतं. एका दिवाळीत तो घरी आलेला असताना मी त्याला १९३७ चं ‘मीन टू मी’ ऐकवलं. तो ऐकता ऐकता टेबलावर बोटांनी साध्या चार मात्रा देत होता. बिली सुरू झाली आणि त्याचं बोट थबकलं.

‘चुकतेय ही.’

मग दोन ओळींनंतर, ‘थांब. मागे घे.’

मी मागे घेतलं. त्याने पुन्हा मात्रा धरल्या, या वेळी डोळे मिटून. ‘नाही, चुकत नाहीये. ती मात्रेवर येतच नाहीये. प्रत्येक शब्द जरा मागून येतोय, पण मागे राहिल्यासारखा वाटत नाही. आणि बघ, ओळ संपताना कुठून तरी बरोबर येऊन मिळते.’

मी म्हटलं, ‘दादा, आपल्याकडे पण गवई असंच करतात ना? ठेका चालू असतो, ते लयीशी खेळतात आणि समेवर येतात.’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘आपल्याकडे खाली तानपुरा आहे. षड्ज कुठे जात नाही. तुम्ही कितीही भटका, घर जागेवर असतं. इथे खालची जमीनच सरकतेय.’

जॅझबद्दल मी जे काही वाचलं आहे, त्यात इतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. या गाण्यांचा साचा बहुतेक वेळा बत्तीस बारांचा, बार म्हणजे चार मात्रांचा एक गट. आठ-आठ बारांचे चार भाग, त्यातला पहिला, दुसरा आणि चौथा एका चालीचे, तिसरा वेगळा. दादाच्या हिशेबाने १२८ मात्रांचं एक आवर्तन. आणि या आवर्तनात दर एक-दोन बारांनी कॉर्ड, म्हणजे खाली एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, बदलत असते. म्हणजे जो स्वर एका कॉर्डवर घरचा आहे, तो उशिरा लावला तर पुढच्या कॉर्डवर पाहुणा होतो. बिली शब्द उशिरा टाकते तेव्हा ती नुसती लयीशी खेळत नसते. खालची सुरावट पुढे सरकलेली असते आणि तिचा स्वर मागच्या खोलीतला वास अंगावर घेऊन पुढच्या खोलीत येतो. क्षणभर एक ओढ तयार होते, एक बारीकसा ताण, आणि मग ती अलगद सोडवते. तिला नोटेशन वाचता येत नव्हतं. हे सगळं ती कानाने करत होती.

आवाजाचा पल्ला म्हणाल तर जेमतेम सप्तकभर, त्याहून थोडा जास्त. याचा तिने बाऊ केला नाही, आणि लपवलंही नाही. मूळ चाल कुठे उंच चढत असेल तर ती चढतच नाही. चालीतले चढउतार सपाट करत दोन-तीन स्वरांत आणते, कधी तर एकाच स्वरावर अख्खी ओळ म्हणते. कागदावर ते कंटाळवाणं दिसेल. ऐकताना मात्र चालीत अडकलेलं लक्ष सुटतं आणि शब्दावर जातं. कुठला शब्द लवकर, कुठला उशिरा, कुठे श्वास घेतला, कुठे घेतला नाही. माझ्या गाण्याच्या बाई सांगायच्या, शब्द फेकू नकोस, ठेव. बिली शब्द ठेवते. आणि ठेवून झाल्यावर त्याच्यावरून हात लगेच काढत नाही. स्वर सरळ लावते, बिनकंपाचा, आणि अगदी शेवटी शेपटाला एक बारीक थरथर देते. काही वेळा शेवटचं अक्षर अर्ध्या स्वराने खाली घसरतं, जसं बोलता बोलता आपला आवाज उतरतो तसं. तिच्या गाण्याची आणि तिच्या बोलण्याची हद्द कुठे आहे, ते सापडत नाही.

हे शक्य झालं त्यात मायक्रोफोनचा वाटा आहे. एक योगायोग मला फार हलवून जातो. जॉन हॅमंड नावाच्या तरुण, श्रीमंत, जॅझवेड्या माणसाने १९३३ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीतल्या एका छोट्या क्लबात बिलीला ऐकलं आणि तिचं पहिलं ध्वनिमुद्रण घडवून आणलं. तारीख २७ नोव्हेंबर १९३३. त्याच्या तीनच दिवस आधी, २४ नोव्हेंबरला, त्याच हॅमंडने बेसी स्मिथचं ध्वनिमुद्रण केलं होतं. ब्लूज या काळ्या अमेरिकी गायकीची ती सम्राज्ञी, जिच्या तबकड्या ऐकत बिली वाढली. बेसीचं ते शेवटचं ध्वनिमुद्रण ठरलं. १९३७ मध्ये मोटार अपघातात ती गेली. क्लॅरिनेटवाला बेनी गुडमन दोन्ही बैठकांना हजर होता.

बेसीने आवाज घडवला तो तंबूतल्या खेळांत, मागच्या रांगेपर्यंत विनाध्वनिवर्धक पोचायला. तिच्या आवाजाचं वजन अंगावर येतं. बिली आपल्या तोंडानेच सांगत असे की तिला बेसीसारखा भरघोस आवाज आणि ट्रंपेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगसारखा भाव हवा होता. भरघोस आवाज तिच्याकडे नव्हताच. पण विजेवरचं ध्वनिमुद्रण आता चांगलं रुळलं होतं, समोर मायक्रोफोन होता, आणि त्याच्याशी एखाद्या माणसाच्या कानाशी बोलावं तसं बोलता येत होतं. आर्मस्ट्राँगकडून मात्र तिने जे घेतलं ते पुरेपूर घेतलं. चालीची मोडतोड करण्याचं स्वातंत्र्य, मात्रेशी सैल मैत्री, आणि गाणाऱ्याने वाजवणाऱ्यासारखा विचार करणं. आर्मस्ट्राँगचं १९२८ चं ‘वेस्ट एंड ब्लूज’ ऐका आणि पाठोपाठ बिलीची कुठलीही जुनी तबकडी ऐका. एका ट्रंपेटची लेक बोलते आहे असं वाटेल.

आणि मग २५ जानेवारी १९३७ येते.

त्या दिवशीच्या बैठकीला पियानोवादक काउंट बेसीच्या (हा बेसी वेगळा, बेसी स्मिथ वेगळी) बँडमधले काही वादक आले होते. गिटारवर त्याच वर्षी त्या बँडमध्ये आलेला फ्रेडी ग्रीन, बासवर वॉल्टर पेज, ड्रम्सवर जो जोन्स, ट्रंपेटवर बक क्लेटन आणि टेनर सॅक्सोफोनवर लेस्टर यंग. बिली आणि लेस्टर यांचं एकत्र असं हे पहिलं ध्वनिमुद्रण. ‘धिस इयर्स किसेस’ हे अर्व्हिंग बर्लिनचं गाणं सुरू होतं ते लेस्टरच्या सॅक्सोफोनवर. त्या काळातले बाकीचे टेनर जाड, गडद आवाजात वाजवत. लेस्टरचा स्वर हलका, कोरडा, हवेने भरलेला. तो चाल वाजवतो आणि मग बिली येते, आणि एकच आवाज वाद्यातून उतरून गळ्यात शिरला असं वाटतं. दोघांची वळणं तीच, दोघांची मागे राहण्याची खोड तीच. त्याने तिला ‘लेडी डे’ नाव दिलं, तिने त्याला ‘प्रेझ’ म्हणजे प्रेसिडेंट. ही नावं पुढे जगाने घेतली.

त्याच वर्षी १५ जूनला त्यांनी ‘अ सेलबोट इन द मूनलाइट’ केलं. मी वर सुमार गाण्यांबद्दल म्हणाले, त्यातलं हे. गाय लोम्बार्डोच्या गोडगोड वाद्यवृंदाने लोकप्रिय केलेलं. चांदण्यात होडी, होडीत दोघं, बस्स, यापलीकडे गाण्यात काहीही नाही. अशा गाण्याची टर उडवणं सोपं असतं, आणि त्या काळात काहींनी ते फार बहारीने केलंही. गळा काढून ते गाणंही सोपं. बिली दोन्ही करत नाही. ती त्या होडीवर विश्वास ठेवते. एवढीच एक साधी इच्छा आहे आणि ती बोलून दाखवण्यात काही लाजण्यासारखं नाही, अशा सुरात ती गाते. आणि तिच्या पाठीमागे लेस्टर वाजवतो. तिने वाक्य संपवलं की तो त्या वाक्याचं शेपूट उचलतो, जरा वळवतो, तिच्या पुढच्या शब्दाला वाट करून देतो. कधी ती बोलत असतानाच तोही बोलतो, पण एक अक्षर झाकत नाही. घरात वर्षानुवर्षं एकत्र राहिलेली दोन माणसं एकमेकांची वाक्यं पुरी करतात, तसं आहे ते. बत्तीस बारांत दोघांनी मिळून त्या फुटकळ गाण्याला माणसात आणलं.

तीन मिनिटं. दहा इंची तबकडीवर त्याहून फार जास्त मावत नसे. त्या तीन मिनिटांत बिलीला बहुतेक वेळा एकच फेरी मिळे. आधी एखादं वाद्य चाल मांडणार, मग ती गाणार, मग बाकीचे वादक आठ-आठ, सोळा-सोळा बार वाटून घेणार. ती गायिका म्हणून मध्यभागी उभी नाही. मैफलीतल्या सात-आठ जणांपैकी एक आहे, आपली पाळी आली की बोलणारी. हे मला या ध्वनिमुद्रणांतलं सर्वांत सुंदर वाटतं. आपल्याकडेही त्याच दशकात मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब अशाच तीन मिनिटांत राग उभा करत होते, हिराबाई बडोदेकर गात होत्या. जागा इतकी कमी असली की फापटपसारा गळून पडतो. पुढे लाँग प्ले आल्या, गाणी लांबली, गायिकेच्या नावाने अख्खी तबकडी निघू लागली. बिलीच्या १९५० च्या दशकातल्या तबकड्यांतही बेन वेबस्टरबरोबरच्या काही अप्रतिम जागा आहेत. पण तिथे ती राणी आहे, बाकीचे दरबारी. १९३७ मध्ये ती सवंगड्यांत होती.

मुंबईचा या सगळ्याशी अगदीच संबंध नव्हता असं नाही. १९३५ च्या अखेरीस, म्हणजे बिलीने ते पहिलं चांदण्याचं गाणं गायलं त्याच वर्षी, लिऑन ॲबी हा आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्या मागोमाग ट्रंपेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला, जो शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवत असे आणि जो पुढे १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे वादक हे संगीत शिकले. चर्चच्या शाळांमध्ये स्टाफ नोटेशन गिरवलेली ही मंडळी. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला आंतोनियो झेवियर वाझ त्यांतलाच, आणि पुढे पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या चित्रपटगीतांत त्याचं ट्रंपेट वाजलं. माझ्या आईच्या पिढीने रेडिओवर त्या गाण्यांवर ताल धरला तेव्हा हार्लेमची हवा थोडी तरी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली होती. हा धागा मला उगाचच जवळचा वाटत नाही. ‘मीन टू मी’ पहिल्यांदा ऐकताना दादाचं बोट आपोआप हललं, ते काही एका दिवसात शिकलेलं नव्हतं.

पण बिलीकडे परत येते.

आनंद, सवंगडी, चांदणं असं मी लिहिते आहे म्हणून त्या मुलीचं आयुष्य सोपं होतं असं कुणी समजू नये. १९३८ मध्ये ती आर्टी शॉच्या गोऱ्या बँडबरोबर गात होती. दक्षिणेतल्या गावांत बँडला जेवायला मिळे तिथे तिला मिळत नसे. न्यूयॉर्कमध्येही, ज्या हॉटेलात तिचा कार्यक्रम होता, तिथे तिला मालवाहू लिफ्टने जायला सांगण्यात आलं. ती बँड सोडून गेली. पुढच्याच वर्षी, २० एप्रिल १९३९ ला, तिने ‘स्ट्रेंज फ्रूट’ गायलं, जमावाने झाडाला फाशी दिलेल्या काळ्या माणसांबद्दलचं गाणं. कोलंबियाने ते काढायला नकार दिला, म्हणून कमोडोर या छोट्या कंपनीकडे. ते गाणं इतकं प्रचंड आहे की त्याची सावली तिच्या मागच्या-पुढच्या सगळ्यावर पडली. त्यानंतर लोक तिच्याकडे दुःख मागायला येऊ लागले. मीही तेच करत होते, वसतिगृहातल्या त्या खोलीत.

तिने फार सोसलं, हे खरंच आहे. पण सोसल्यामुळे ती अशी गायची, हे मला पटत नाही. सोसलेल्या बाया जगात अगणित आहेत. त्यांतली एकच १९३७ साली बक क्लेटनचं ट्रंपेट आणि लेस्टरचा सॅक्सोफोन यांच्यामधल्या बोटभर फटीत अक्षर कुठे ठेवायचं, ते जाणत होती. ती जाण ऐकून ऐकून येते. बाल्टिमोरमध्ये एका घरी ती लहानपणी पडेल ती कामं करायची आणि बदल्यात तिथल्या ग्रामोफोनवर बेसी आणि आर्मस्ट्राँग ऐकायची, असं तिने पुढे सांगितलं आहे. मला ती मुलगी दिसते. तिचा रियाज तिथे झाला. एखाद्या गायकाच्या वेदनेचं आपण इतकं कौतुक करतो की त्याच्या कामाचा आपल्याला विसर पडतो, आणि बाई असली की हे हटकून होतं. तिच्या बरोबरीच्या पुरुष वादकांच्या बाबतीत लोक त्यांच्या स्वरांबद्दल बोलतात, तिच्या बाबतीत तिच्या नशिबाबद्दल. मला याचा राग येतो, आणि हा राग आधी माझ्या स्वतःवरचा आहे.

या सगळ्यानंतर मी ‘लेडी इन सॅटिन’ पुन्हा लावली. मधे वीसेक वर्षं गेली होती. व्हायोलिनं तशीच होती, आवाज तसाच चिरलेला. पण आता मला कळत होतं कुठे बघायचं ते. स्वर हाताशी राहिलेले नाहीत, काही ठिकाणी ती नुसती बोलते, काही ठिकाणी श्वास पुरत नाही. आणि तरी प्रत्येक शब्द बरोबर त्याच ठिकाणी पडतो जिथे तो १९३७ मध्ये पडला असता. मात्रेच्या जराशी मागे, पुढच्या कॉर्डच्या उंबऱ्यावर. आवाज गेला होता, लय जागच्या जागी होती. त्या रात्री मी गोष्टीवर रडले होते. या वेळीही डोळे भरले, पण एका कारागिराचे हात म्हातारपणीही चुकत नाहीत हे पाहून भरतात तसे.

एक चित्रफीत आहे, ८ डिसेंबर १९५७ ची, सीबीएस दूरचित्रवाणीच्या ‘द साउंड ऑफ जॅझ’ या कार्यक्रमातली. बिली उंच स्टुलावर बसली आहे आणि तिच्या भोवती वादकांचं कडं. ‘फाइन अँड मेलो’ हा तिचा स्वतःचा ब्लूज चालू आहे. लेस्टर आजारी आहे. तो उभा राहतो आणि बारा बार वाजवतो. अगदी थोडे स्वर, मध्ये पुष्कळ मोकळी जागा. कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो. ती मान हलवते, हसते, तिला पुढे काय येणार ते माहीत आहे आणि तरी ते येईपर्यंत ती थांबते आहे. मार्च १९५९ मध्ये लेस्टर गेला, चार महिन्यांनी ती.

त्या चेहऱ्याकडे पाहिलं की मला आपल्या मैफलीतले पुढच्या रांगेतले जाणकार आठवतात. जागा आली की त्यांच्या तोंडून नकळत ‘क्या बात है’ निघतं. तिच्या तोंडून काही निघत नाही. ती ऐकते आहे. त्या चित्रफितीत गाणाऱ्या बिलीपेक्षा ही ऐकणारी बिली मला जास्त आवडते.

दादा आता नागपूरला असतो. मागच्या महिन्यात आला होता. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाला, ‘ती तुझी मागून येणारी लाव.’ मी ६ जानेवारी १९३८ चं ‘व्हेन यू आर स्मायलिंग’ लावलं. सुरुवातीला बेनी मॉर्टनचा ट्रॉम्बोन चाल मांडतो, सरळ, बाळबोध. दादाने टेबलावर चार मात्रा धरल्या. जो जोन्सच्या झांजांची सरसर, फ्रेडी ग्रीनची गिटार दर मात्रेला एक, घड्याळासारखी. फेरी संपत आली तसा त्याने डावा हात वर केला, मैफलीत गवई समेवर येण्याआधी तबलजीची नजर होते तशी त्याची नजर झाली. मात्रा पडली. त्याने हात तसाच धरून ठेवला, हवेत, आणि तो हसायला लागला, कारण ती अजून आलेली नव्हती.